पालकासाठी रात्र

उचल ती पेटी, एस्पेन. ती नव्हे, निळी.
कॉडचा वास अजून येतो तिला, पालकाला त्याचं काही नसतं.
सात वाजलेत संध्याकाळचे,
आणि सूर्य बघ, फ्योर्डच्या तोंडाशी
बिनकामाच्या पाहुण्यासारखा बसलाय.
आज बुडणार नाही तो, उद्याही नाही,
जुलैच्या विसापर्यंत तरी नाही.
तेव्हा बुडवायचा आपणच. असा.
वाफ्यावर पेटी उपडी, वर दगड, फटींना पोतं.
सकाळी सातला उघडायची, विसरायचं नाही.
बारा तासांची रात्र. तेवढी पुरते त्याला.

तू बर्गनचा. तुमच्याकडे नुसता पाऊस,
पण उन्हाळ्यातसुद्धा चार घटका काळोख असतो.
म्हणून तू विचारलंस, बियाणं खराब होतं का?
बियाणं उत्तम होतं.
पालक अंधार मोजतो.
बोटं नाहीत, घड्याळ नाही, तरी मोजतो,
आणि अंधार आखूड होत गेला की घाबरतो:
संपला उन्हाळा, पानं पुरेत, बी धरा!
मग मधूनच दांडा काढतो, काठीसारखा सरळ.
आता चाखून बघ ते पान.
थुंकलास ना?

सलगमाचं दुखणं निराळं.
खिडकीतल्या उबेतून तू त्याला एप्रिलमध्येच बाहेर काढलंस,
आणि मग आला तो आठवडा,
बादलीतलं पाणी कुऱ्हाडीनं फोडायचा.
आठवड्याच्या गारठ्यालाच ते पोर हिवाळा समजलं.
हिवाळा झाला म्हणजे दुसरं वर्ष लागलं,
आणि दुसऱ्या वर्षी फुलायचं, ही तर घराण्याची रीत.
गड्डा बोटाच्या पेराएवढा,
डोक्यावर पिवळा तुरा!
बर्चची पानं उंदराच्या कानाएवढी झाली की पेरायचं,
त्याआधी नाही. पंचांग राहू दे, झाड बघ.

कांद्याची रोपकंदं कुणी निवडली? तूच.
मोठी मोठी बघून घेतलीस, दुकानात सगळेच घेतात.
डेंगळे मोठ्यांनाच येतात.
गोटीएवढी बारकी असतात, ती मुकाट्यानं कांदा होतात.
डेंगळा मोडून टाकू म्हणतोस? मोड.
मीही मोडत आले पन्नास वर्षं.
मोडल्यानं कांदा मागे फिरत नाही,
आत लाकडासारखी दांडी राहते.
हा साठवणीचा नाही. उपट, आजच चीर, आजच खा.

मी चौदाची होते, आई गेली त्या मार्चमध्ये.
पुढच्या सोमवारी हेरिंगच्या कारखान्यात उभी,
पायाखाली रिकामं खोकं, कारण टेबल उंच होतं.
बायका म्हणायच्या, आस्लाउग किती लवकर शहाणी झाली!
कौतुकानंच म्हणायच्या.
मलाही कौतुकच वाटायचं,
कापलेल्या बोटांत मीठ जाईपर्यंत.

असो. पाणी.
रोज संध्याकाळी, मुळाशी, पानांवर नाही.
तहान लागली की सॅलडही घाईला येतं.
वरून वाळलेलं गवत पसर, माती तापू देऊ नकोस.
रोप हलवताना मुळाला ओढ नको,
आणि पुढच्या वर्षी पाकीट वाचून घे,
उशिरा फुलणारं, असं स्पष्ट लिहिलेलं असतं.
चष्मा घरी विसरलास तर मला बोलाव.

अजून एक.
तुझी मारेन परवा रात्री दोन वाजता
आमच्या नौकाघराच्या छपरावर होती.
सुरयी तिच्या डोक्यावर झडप घालत होत्या आणि ती हसत होती.
नऊ वर्षांच्या पोरीला झोप कशी येणार,
तुमचे पडदे पांढरे, विटेवर वाळत घातलेल्या चादरीसारखे!
माझ्याकडे जाड काळं कापड आहे, जहाजाचं. घेऊन जा.
हसू नकोस. मापानं कापून ठेवलंय.

आणि तो कोपरा झाकू नकोस.
फुटलेलं सलगम आहे तिथे,
फुकटच गेलंय, तर फुलू दे.
रात्री बाराला ये, बघ,
त्याच्यावर भुंगे काम करत असतात, केसाळ, जडशीळ,
दिवस संपत नाही याची
त्यांनी अजून कुणाकडे तक्रार केलेली नाही.
मी बसते तिथे कधीकधी.
मलाही झोप येत नाही.